टेम्पो कुठं जाणार, हे कोण ठरवणार?

प्रश्न : ताई, २२ जुलै २०२१ला वाशिष्ठीचं पाणी चिपळुणात शिरलं, तेव्हा आम्ही वेगवेगळ्या संस्थांची माणसं आपापलं सामान घेऊन धावत होतो. एका आळीत धान्याचे किट तीनदा पोचले आणि नदीपलीकडच्या एका वाडीत चार दिवस कोणी फिरकलं नाही. त्यातून शहाणे होऊन आम्ही नऊ संस्थांनी समन्वय समिती केली. आता अध्यक्ष निवडायचा आहे. सगळ्यात मोठी संस्था म्हणते, पैसा आमचा जास्त, तर पद आमच्याकडे हवं. काहीजण म्हणतात, आमदारांना करा, म्हणजे सरकारी कामं अडणार नाहीत. सरळ मतदान घ्यावं का?
– एक कार्यकर्ता, चिपळूण

उत्तर : दादा, चार दिवस कोणी न फिरकलेली वाडी तुम्हाला आठवते आहे, हे फार मोलाचं आहे. अध्यक्ष निवडताना ती वाडी डोळ्यांसमोर ठेवा.

३० सप्टेंबर १९९३च्या पहाटे किल्लारीची जमीन हलली. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी होती, विसर्जन आटोपून लोक झोपले होते. मी तेव्हा सव्वीस वर्षांची. सोलापूरहून आमच्या लहानशा संस्थेच्या जीपमधून सास्तूरच्या बाजूला गेले. काही दिवसांनी तिथं जमलेल्या संस्थांची बैठक झाली आणि दोन मिनिटांत अध्यक्ष ठरला. ज्यांचे ट्रक सर्वांत जास्त, त्यांचा माणूस. माणूस वाईट नव्हता, रात्रंदिवस राबत होता. पण त्यांच्या संस्थेला एक गाव दत्तक घ्यायचं होतं आणि रोज सकाळी ट्रकांची यादी त्या गावापासून सुरू व्हायची. आडरस्त्याच्या गावांचं नाव येईपर्यंत ट्रक संपलेले असायचे. अशाच एका गावात पावसात उभी असलेली बाई मला म्हणाली, ‘लुगडी नकोत बाई, ताडपत्री द्या.’ माझ्या जीपमध्ये लुगडीच होती. तिच्याकडे बघून खाली गेलेली मान मला आजही आठवते.

पुढं समितीनं एका निवृत्त हेडमास्तरांना पुढं केलं. त्यांची ना संस्था, ना ट्रक. त्यांनी एक नोंदवही घातली, प्रत्येक गावाला एक पान. काय पोचलं, काय हवं, कोणी सांगितलं. संध्याकाळी सगळ्यांसमोर ते पानं वाचून दाखवायचे. ज्या गावाचं पान कोरं, तिथं दुसऱ्या दिवशीचा पहिला ट्रक. कोणी हरकत घेतली तर वही पुढं सरकवायचे. चार-पाच दिवसांत आवाज चढवणं बंद झालं.

म्हणून माझं ठाम मत आहे की ज्याच्या संस्थेला वाटपातून सर्वांत कमी मिळवायचं आहे, त्याच्याकडे अध्यक्षपद द्या. मोठ्या संस्थेला दुखवू नका. त्यांच्याकडे गाड्या, गोदाम, माणसं आहेत, तर साठा आणि वाहतूक त्यांनी सांभाळावी. ते काम मानाचंच आहे. मात्र टेम्पो कुठं जाईल हे समितीच्या वहीवरून ठरू दे.

हा पेच जगभरचा आहे. संयुक्त राष्ट्रांनी १९९१मध्ये आपत्कालीन मदतीसाठी एक समन्वयक नेमायचं ठरवलं आणि मोठ्या मदतसंस्थांच्या समितीचं अध्यक्षपद त्याच्याकडे दिलं. २००७पासून आजवर त्या खुर्चीवर ओळीनं सहा जण आले, सहाही ब्रिटिश. त्यांची योग्यता कमी होती असं मी म्हणणार नाही, पण एखादी खुर्ची एकाच घरची ठरून गेली की बाकीचे हात वर करायचंही सोडतात. याउलट जिनिव्हात १९७२पासून ऑक्सफॅम, केअर, रेडक्रॉस संघ अशांच्या प्रमुखांची एक समिती चालते. तिथं सदस्य संस्थांच्या प्रमुखांपैकीच एक अध्यक्ष होतो आणि पद फिरत राहतं. रोजच्या कामाला लहानसं सचिवालय वेगळं आहे. तुम्हीही हे दोन भाग वेगळे ठेवा. अध्यक्ष दरवर्षी बदला, पण फोन उचलणारा, इतिवृत्त लिहिणारा निमंत्रक तीनेक वर्षं तोच राहू द्या. आणि बदल दिवाळीनंतर करा. जूनमध्ये नवा माणूस बसवलात तर त्याला वाड्यांची नावं पाठ व्हायच्या आत पाणी येईल.

आमदारांना अध्यक्ष करू नका, कोणत्याही पक्षाचे असले तरी. मदत राजकीय वा धार्मिक प्रचारासाठी वापरायची नाही, हे रेडक्रॉस आणि इतर संस्थांनी १९९४च्या आचारसंहितेत लिहून ठेवलं आहे. सरकारी कामांचा दरवाजा वेगळा आहे. २००५च्या कायद्यानुसार जिल्हा आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाचे अध्यक्ष जिल्हाधिकारी असतात. समिती झाल्याचं पत्र त्यांना द्या, तहसीलदारांना बैठकीला बोलवा.

मतदान अगदी शेवटी ठेवा. नऊ मतांत पाच-चार झालं की चार जण पुढच्या पुरात वेगळी गाडी काढतील. आधी प्रत्येक इच्छुकाला सर्वांसमोर विचारा, ‘तुमच्याच संस्थेचा भरलेला टेम्पो दुसऱ्या वाडीकडे वळवायची वेळ आली, तर वळवाल का? तुमच्या विश्वस्तांनी तसा ठराव केला आहे का?’ ठराव लेखी मागा. अडचणीच्या रात्री विश्वस्तांचा फोन येतो आणि चांगली माणसं गप्प होतात, हे मी पाहिलं आहे.

प्रश्न : २०१९च्या महापुरानंतर आमच्याकडे झालेल्या समितीत मला ‘महिला प्रतिनिधी’ म्हणून उपाध्यक्ष केलं. दीपप्रज्वलनाला बोलावतात, निर्णयाच्या वेळी विचारत नाहीत. राजीनामा देऊ का?
– बचत गटाच्या अध्यक्षा, सांगली जिल्हा

उत्तर : अजिबात देऊ नका, ताई. किल्लारीनंतर घरदुरुस्तीच्या कार्यक्रमात गावोगावच्या बायकांना ‘संवाद सहायक’ नेमलं होतं. घर कसं बांधायचं, अनुदानाचा हप्ता कसा मिळतो, हे त्या घरोघर जाऊन सांगत आणि लोकांच्या अडचणी वर पोचवत. कोणत्या घरात काय अडलंय, हे त्यांना ठाऊक होतं, म्हणून अधिकाऱ्यांना त्यांचं ऐकावं लागे.

तुम्ही समितीकडे याद्या तपासायचं काम मागून घ्या. पुढच्या बैठकीआधी गटातल्या बायकांना घेऊन गावात फिरा. कोणाच्या घरी अंथरुणावरचं माणूस आहे, कोण गरोदर आहे, कोणाला जनावरं सोडून निघता येत नाही, ते घरवार लिहा. ती यादी बैठकीत वाचा, इतिवृत्ताला जोडायला सांगा आणि एक प्रत स्वतःजवळ ठेवा.