वाचक विचारतात: जुना कागद वाचताना

उदगीरहून प्रश्न: घरातला मोडी कागद उतरवून घेतला. त्यात ‘सुहूर सन सितैन मया व अलफ’ आणि जमादिलाखर महिना आहे. वाचणाऱ्याने ११६० साल सांगितलं. कागद एवढा जुना आहे का?

नाही. ११६० हे सुहूर सनाचं साल आहे, इसवी सनाचं नाही. सितैन ६०, मया १००, अलफ १०००. हा सन मृग लागतो तेव्हा, म्हणजे मे अखेर किंवा जूनच्या आरंभी बदलतो. मृगापासून डिसेंबरपर्यंतच्या तारखेत ५९९ मिळवायचे, जानेवारीपासून पुढच्या मृगापर्यंत ६००. महिना मात्र मुसलमानी चांद्र असतो आणि दरवर्षी साधारण ११ दिवस मागे सरकतो. त्यामुळे तो मृगाच्या अलीकडे पडतो की पलीकडे, हे जंत्रीतच, म्हणजे वेगवेगळ्या सनांच्या तारखा जुळवणाऱ्या कोष्टकातच, पाहावं लागतं. त्या साली जमादिलाखर जानेवारी-फेब्रुवारीत आला, म्हणून तुमचा कागद १७६० चा.

मराठे आणि निजाम यांच्यातली उदगीरची लढाई ३ फेब्रुवारी १७६० ची, म्हणजे त्याच महिन्यातली. मोह होईल, पण कागदात फौज, खंडणी, नासधूस यांतलं काहीच नसेल तर तो लढाईशी जोडू नका. धामधुमीतही वसुलीचे आणि वाटणीचे कागद लिहिले जातच होते.

चुका बहुतेक एकक-दशकात होतात. सबा म्हणजे ७, सबैन ७०; खमस ५, खमसैन ५०; समान ८, समानीन ८०. एकक आधी येतो: ‘अर्बा सितैन मया व अलफ’ म्हणजे ११६४. मराठे-निजाम यांचीच राक्षसभुवनची लढाई, १० ऑगस्ट १७६३, याच सालात बसते. मोडीत शब्द तोडून लिहीत नाहीत, ऱ्हस्व-दीर्घही पाळत नाहीत, म्हणून सनाचा भाग दोघांकडून स्वतंत्रपणे वाचून घ्या. रकमा पाहतानाही जपा: ‘७॥।’ म्हणजे पावणेआठ. ते दंड विरामचिन्ह समजून गाळले की हिशेबाची बेरीज जुळत नाही.

आणि आधी अक्षरशः उतारा, मग अर्थ. न लागलेलं अक्षर अंदाजाने भरू नका, तिथे टिंबं द्या. एकदा भरलेला अंदाज पुढच्या प्रत्येक नकलेत खरा म्हणून फिरतो.

परभणीहून प्रश्न: निजामकाळातल्या उर्दू नकलेवर फसली १३४५, महिना बहमन आणि रक्कम ७० रुपये आहे. हे कोणतं साल?

निजामाच्या दफ्तरात त्या काळी फसली साल, म्हणजे महसुली वर्ष, आजूर महिन्यापासून, ऑक्टोबरच्या आरंभी सुरू होई. ऑक्टोबर ते डिसेंबर ५९० मिळवा, जानेवारीपासून ५९१. आजूर, दै, बहमन असा क्रम आहे. बहमन डिसेंबर-जानेवारीत येतो, म्हणून तारीख पाहून ठरवा: डिसेंबर १९३५ किंवा जानेवारी १९३६. पडताळ्यासाठी १७ सप्टेंबर १९४८ हा दिवस फसली १३५७ मध्ये येतो, हे लक्षात ठेवा. पेशवाईतल्या कागदांवरचं फसली मृगापासून सुरू होतं, तिथे हा हिशेब लावू नका.

पण ही नक्कल आहे. नक्कल तयार केल्याची तारीख आणि मूळ नोंदीची तारीख वेगळ्या असतात, आणि शिक्क्याजवळ बहुधा नकलेची असते. तीच जन्माची किंवा खरेदीची धरल्यामुळे वंशावळीत घोळ होतात. रक्कम हाली शिक्क्यात, म्हणजे निजामाच्या नाण्यात, असेल तर ७० रुपये म्हणजे कलदार (इंग्रजी नाण्यातले) ६०. मूळ नोंद शोधताना गावाचा त्या वेळचा जिल्हा-तालुका पाहा: हिंगोली १९९९ पर्यंत परभणीत होतं, लातूर १९८२ पर्यंत उस्मानाबादेत, आणि अंबाजोगाई मोमिनाबाद नावाने सापडेल.

बीडहून प्रश्न: आमच्याकडे पाटीलकीचा महजर आहे. त्यातली वंशावळ प्रमाण मानायची का?

महजर म्हणजे गोतसभेपुढे झालेल्या वादाचा लेखी निवाडा. त्यात आधी हजर गोताची, म्हणजे सभेला बसलेल्या गावकऱ्यांची यादी, मग दोन्ही बाजूंच्या तकरिरी (आपापली बाजू मांडणाऱ्या कैफियती), मग साक्षी-पुरावे आणि शेवटी निवाडा असतो. वंशावळ बहुधा तकरिरीत असते, म्हणजे ती एका पक्षाची मागणी आहे. निवाड्यात सभेने तिचा किती भाग मान्य केला, तेवढंच पक्कं धरा. खाली पाटलाचा नांगर, शेटे-महाजनाचा तराजू अशा निशाण्या असतील. त्या यादीतल्या नावांशी एकेक करून ताडा. कोण हजर असूनही निशाणी करत नाही, यातच पुष्कळदा वाद उलगडतो.

लांब महजर कागद चिकटवून केलेले असतात. सांध्यावर शिक्का असेल तर तो दोन्ही तुकड्यांवर नीट जुळतो का पाहा. न जुळल्यास तुकडा बदलला असण्याची शंका घ्या. कागद उजेडापुढे धरा. अठराव्या शतकाच्या सनाखाली विलायती गिरणीचं एकोणिसाव्या शतकातलं जलचिन्ह दिसलं, तर ती मागाहूनची नक्कल किंवा बनावट. दौलताबादेजवळच्या कागजीपुऱ्यासारख्या ठिकाणच्या हातकागदात ही सोय नसते, तिथे शाई, हस्ताक्षर आणि शिक्क्यावरच भिस्त.

नांदेडहून प्रश्न: कागद तुकडे होऊ लागलेत. लॅमिनेशन करावं का?

करू नका. उष्णतेने प्लॅस्टिक चिकटतं आणि कागद खराब केल्याशिवाय निघत नाही. सेलोटेपचा गोंदही पिवळा होऊन शाईत उतरतो. घडी जबरदस्तीने उघडू नका. आम्लविरहित कागदाच्या पाकिटात सपाट ठेवा आणि दुरुस्ती अभिलेखागाराच्या जाणकारांकडून करून घ्या. त्याआधी सावलीतल्या उजेडात, फ्लॅश न लावता, शेजारी पट्टी ठेवून दोन्ही बाजूंचे फोटो काढा. पाठीवरच्या दफ्तरी नोंदी राहून जातात, आणि कागद कोणाच्या हाती कधी पोचला हे बहुधा त्यांतूनच कळतं.