‘कमिन्स मिळेल का?’

अभियांत्रिकी प्रवेशाच्या सीईटीचा निकाल लागल्यापासून आलेल्या पत्रांत बहुतेकांचा रोख एकाच ठिकाणी आहे: कर्वेनगरचं कमिन्स, म्हणजे महर्षी कर्वे स्त्री शिक्षण संस्थेनं १९९१ साली सुरू केलेलं मुलींचं अभियांत्रिकी महाविद्यालय. म्हणून आज त्यावरचीच पत्रं घेते.

प्रश्न : मला ९७.६ पर्सेंटाइल आहेत, खुला प्रवर्ग. कमिन्सला कॉम्प्युटर मिळेल?

कॉम्प्युटर शाखेची आशा धरून बसू नकोस. अलीकडे खुल्या गटात ते ९८ च्या वरच बंद होत आलंय. ई अँड टीसी (इलेक्ट्रॉनिक्स आणि टेलिकम्युनिकेशन), इन्स्ट्रुमेंटेशन, मेकॅनिकल यांचा विचार मात्र जरूर कर.

पण मुळात पर्सेंटाइलवरून, म्हणजे किती टक्के मुलं आपल्या मागे आहेत त्या आकड्यावरून, अंदाज बांधणं सोड. कट-ऑफच्या, म्हणजे शेवटचा प्रवेश कुठे थांबला त्याच्या, पीडीएफमध्ये प्रत्येक चौकटीत दोन आकडे असतात. वर मेरिट नंबर (गुणवत्ता यादीतला क्रमांक), खाली कंसात पर्सेंटाइल. सगळे कंसातलंच वाचतात आणि फसतात. समजा परीक्षेला चार लाख मुलं बसली, तर ०.१ पर्सेंटाइल म्हणजे चारशे जण. पाच लाख बसली तर पाचशे. त्यामुळे गेल्या वर्षीच्याच पर्सेंटाइलला यंदा मेरिट नंबर बराच मागे जाऊ शकतो. तुझा राज्य मेरिट नंबर घे आणि त्याच शाखेच्या, तुझ्याच प्रवर्गाच्या रकान्यात गेल्या वर्षीची पहिली आणि शेवटची प्रवेश फेरी बघ. पहिल्या फेरीच्याच आत बसत असशील तर बऱ्यापैकी निश्चिंत राहा. दोन्हींच्या मध्ये असशील तर शक्यता आहे, पण धीर धरावा लागेल, कारण आयआयटी-एनआयटीला गेलेल्या मुलींच्या जागा हळूहळू सुटतात. शेवटच्या फेरीच्याही थोडी पलीकडे असलीस तरी तो पर्याय पसंतीक्रमाच्या यादीत टाकच, त्याला पैसे पडत नाहीत.

रकान्याच्या नावातलं शेवटचं अक्षरही बघ. एच म्हणजे त्याच विद्यापीठाच्या मुलांसाठी, ओ म्हणजे बाहेरच्या विद्यापीठाच्या, एस म्हणजे राज्यभरासाठी. दुसऱ्याच्या रकान्यात आपलं भविष्य बघणारे पालक दरवर्षी भेटतात.

प्रश्न : फक्त मुलीच असल्यामुळे तिथं स्पर्धा निम्मी होत असेल ना?

नाही. तुमच्यापुढचे मुलगे तिथं मोजायचे नाहीत, हे खरं. पण वरच्या नंबरच्या मुली याच कॉलेजकडे वळतात. शिवाय मिश्र कॉलेजांत मुलींसाठी ३० टक्के जागा राखीव असतात आणि तो कट-ऑफ सर्वसाधारण कट-ऑफच्या थोडा खाली येतो. मुलीचा विचार दोन्हीकडे होतो. मुलींच्या कॉलेजात ही सवलत कुठून असणार? त्यामुळे पुण्यातल्या चांगल्या मिश्र कॉलेजांचे मुलींचे रकाने न बघता यादी करणं म्हणजे हातचं सोडणं.

प्रश्न : बाबा म्हणतात, हमखास मिळेल ते कॉलेज यादीत वर टाक, कमिन्स खाली.

बाबांना हे उत्तर वाचायला द्या. संगणक मेरिट नंबरप्रमाणे एकेका उमेदवाराकडे येतो आणि त्याच्या यादीत वरून खाली येत जिथं जागा मिळेल तिथं थांबतो. अवघड पर्याय वर असल्यामुळे खालचा सोपा पर्याय हातचा जात नाही. उलटं केलं तर मात्र नुकसान ठरलेलं.

त्यातच २०२५ पासूनचा नियम आहे: पहिल्या फेरीत पहिला पर्याय, दुसरीत पहिल्या तीनांपैकी आणि तिसरीत पहिल्या सहांपैकी एखादा मिळाला की जागा आपोआप फ्रीझ, म्हणजे तीच पक्की. पुढच्या फेऱ्या बंद. म्हणजे ‘हमखास’वालं कॉलेज पहिल्या क्रमांकावर ठेवलं, तर ते पहिल्याच फेरीत हमखास मिळणार आणि कमिन्सचं दार कायमचं लागणार. पहिल्या सहांत फक्त तीच नावं लिहा, जी मिळाली तर पुन्हा मागे वळून बघायचं नाही. यंदाची माहितीपुस्तिकाही उघडून बघा, कारण फेऱ्यांचे नियम बदलत राहतात.

प्रश्न : आम्ही ओबीसी, उत्पन्न सहा लाखांच्या आसपास. एक ओळखीचे गृहस्थ ‘मॅनेजमेंट कोट्यातून करून टाकू’ म्हणतात.

घाई करू नका. ८ जुलै २०२४ च्या शासन निर्णयानुसार ओबीसी, एसईबीसी (सामाजिक व शैक्षणिक मागास) आणि ईडब्ल्यूएस (आर्थिक दुर्बल) गटांतल्या, आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या घरांतल्या मुलींचं शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ आहे. पण ते कॅपमधून, म्हणजे सरकारी केंद्रीय प्रवेश प्रक्रियेतून, प्रवेश झाला तरच. मॅनेजमेंट कोट्यातून, म्हणजे संस्थास्तरावर, घेतलात की ही माफी गेली. चार वर्षांचा हिशेब तुम्हीच करा. वसतिगृह, मेस वगैरे यात धरू नका.

नॉन-क्रीमिलेअर आणि जात वैधता प्रमाणपत्र आत्ताच तपासा. ती वेळेत दिली नाहीत तर मुलगी थेट खुल्या गटात मोजली जाते आणि वरचे सगळे अंदाज रद्द.

प्रश्न : बारावीचे गुण, नृत्यातली प्रमाणपत्रं, मुलाखत यांचा उपयोग होतो का?

कॅपमध्ये मुलाखत नाही, प्रमाणपत्रंही नाहीत. बारावीच्या पीसीएममध्ये (भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र, गणित) खुल्या गटाला ४५ टक्के, राखीवला ४० टक्के हवेत, एवढंच. समान पर्सेंटाइल असतील तर आधी गणिताचे पर्सेंटाइल बघतात.

प्रश्न : आम्ही मुंबईत राहतो. मुलीला पुण्याला पाठवायचं नाही.

सांताक्रूझला जुहू परिसरात एसएनडीटी महिला विद्यापीठाचं उषा मित्तल तंत्रज्ञान संस्थान आहे, तेही फक्त मुलींचं. घरून लोकलनं जाऊन येता येईल. तिथले रकानेही वर सांगितल्याप्रमाणेच वाचा.