सहा गोल्डफिश आणि एकच फिल्टर
दोन फुटी टाकीत सहा गोल्डफिश म्हणजे गर्दीच झाली. पण आता आणलेच आहेस, तर फिल्टरवर कंजुषी नको. ५० लिटर पाण्याला ताशी ४०० लिटर पाणी फिरवणारा हँग-ऑन, म्हणजे टाकीच्या काठावर अडकवायचा फिल्टर घे. खोक्यावरचा आकडा रिकाम्या फिल्टरचा असतो, स्पंज भरला की धार बारीक होते. आतल्या कार्बनच्या जागी सिरॅमिक रिंग भर, त्यांवर माशांची घाण पचवणारे जिवाणू वाढतात. जुना फिल्टर महिनाभर सोबत चालव, तोवर नव्यातही ते वसतील.

आणि स्पंज नळाखाली धुऊ नकोस! मी एकदा चकचकीत धुतला. क्लोरीनने जिवाणू मेले, तिसऱ्या दिवशी पाणी दुधाळ आणि मासे वर येऊन धापा टाकतायत. टाकीतल्याच पाण्याच्या बादलीत दोनदा पिळायचा, बस. दर आठवड्याला तिसरा हिस्सा पाणी तरीही बदलावंच लागेल, असला फिल्टर नायट्रेट, म्हणजे घाण पचल्यावर पाण्यात उरणारा क्षार, काढत नाही.