टॉवेलखालची पिशवी

"मॅडम, ऑपरेशन आत्ताच का करत नाहीत?" खुर्चीत टेकायच्या आधीच त्यानं विचारलं. वय २६, ट्रॅक्टर चालवतो. उसाची ट्रॉली उलटली, ओटीपोटाचं हाड मोडलं आणि लघवीचा मार्ग आतून तुटला. (ओळख पटू नये म्हणून थोडे तपशील बदललेत.) लघवीची पिशवी त्यानं साडीच्या दुकानाच्या कापडी पिशवीत दडवली होती, वर टॉवेल.

हा प्रश्न मला जवळजवळ प्रत्येक घरातले विचारतात. अपघातानंतर त्याची लघवी अडली होती, लिंगाच्या टोकाशी रक्ताचा थेंब होता. अशा वेळी खालून नळी दामटली तर अर्धवट तुटलेला मार्ग पुरता तुटू शकतो. म्हणून आधी लघवीच्या मार्गात एक्स-रेवर दिसणारं औषध आत सोडलं आणि एक्स-रे काढला. औषध मार्गाबाहेर पसरलेलं दिसलं, तेव्हा पोटातून थेट मूत्राशयात नळी घातली. आत साकळलेलं रक्त आणि सूज ओसरायला साधारण ३ महिने जातात. मग पुन्हा एक्स-रे काढून मधलं अंतर बघतात, घट्ट झालेला व्रणाचा भाग काढतात आणि चांगली टोकं जोडतात.

"शेतातली पाइपलाइन फुटली तर चिखलातच जोड देता का?"

"नाही. आधी पाणी उपसतो." पहिल्यांदाच हसला.

उठला, दारापर्यंत गेला, कडीवर हात ठेवून थांबला. "मॅडम, बाकीचं... होईल ना?"

खरा प्रश्न बहुतेक वेळा दारातच येतो. लग्नाला सातच महिने झाले होते. 'काही होत नाही' असं म्हणायचा मोह मी टाळते. ताठरतेच्या नसा आणि रक्तवाहिन्या त्या मोडलेल्या हाडाजवळूनच जातात, त्यांना इजा होऊ शकते. सगळ्यांना होते असं नाही, आणि झाली तरी पुढच्या वर्ष-दोन वर्षांत बऱ्याच जणांना फरक पडतो. गोळ्या, इतर उपचारही आहेत. "पहाटे जाणवतं का काही?"

"कधीकधी." मान खालीच.

चांगली खूण आहे, म्हटलं, पण डॉक्टरांना आजच सांगू. बायको बाहेर बाकावर होती. बोलवू का? त्यानं बराच वेळ घेतला, मग मान हलवली.

ती आत आली आणि तिनं वेगळंच विचारलं, "पिशवी मी रिकामी केली तर चालेल का? हे हातच लावू देत नाहीत."

मी तिला पिशवीचा नळ दाखवला. आधी साबणानं हात धुवायचे, पिशवी नेहमी कमरेच्या खाली ठेवायची.

"आणि नळी ओढायची नाही," तो म्हणाला आणि टॉवेल बाजूला केला.