'पातळ' नव्हे, 'तरल'

नौपाड्यातल्या एका वाचकाचा प्रश्न आहे: "आहारावरच्या व्याख्यानात 'चांगल्या मेदाम्लांमुळे पेशीपटल पातळ होतं' असं ऐकलं. हे बरोबर आहे का? आणि 'पटल' म्हणावं की 'आवरण'?"

बरोबर नाही! पेशीपटल म्हणजे पेशीला वेढणारा मेदाचा थर, आणि मेदाम्लं हे त्या मेदाचे घटक. ठाण्यात हे वाक्य मी निदान तीनदा ऐकलंय, आणि दर वेळी श्रोत्यांतून कुणीतरी काळजीने विचारतं, "मग ते फाटत नाही का?" विचारणारच. आमटीही पातळ आणि कापडही पातळ. पटलाशेजारी हा शब्द आला की डोळ्यांपुढे कापडच येतं. तिथे सांगायची असते ती जाडी नव्हे, हालचाल. पटलाची जाडीही त्यात किंचित कमी होते, पण मुद्दा तो नाही.

जानेवारीत सकाळी खोबरेलाची बाटली पांढरी गच्च झालेली असते, उन्हात ठेवल्याशिवाय थेंब पडत नाही. शेजारचं शेंगदाण्याचं तेल मात्र खुशाल ओतलं जातं. खोबरेलात भरपूर असतात त्या संपृक्त मेदाम्लांच्या साखळ्या सरळ, म्हणून एकमेकींना खेटून बसतात. शेंगदाण्याच्या तेलात जास्त असलेल्या असंपृक्त, म्हणजे 'चांगल्या', मेदाम्लांच्या साखळीला दुहेरी बंधापाशी बाक असतो. भरल्या लोकलमध्ये कुणी कोपर काढून उभं राहावं, तशी ती शेजारणीला जवळ येऊ देत नाही. संपृक्त स्टिअरिक आणि असंपृक्त ओलेइक, दोन्ही आम्लांत कार्बन १८च, पण पहिलं सुमारे ६९ अंशांना वितळतं, दुसरं १३ला. पेशीच्या पटलातही हाच बाक थर सैल ठेवतो. थंड पाण्यातले मासे पटलात असंपृक्त मेदाम्लं वाढवतात ते याचसाठी.

या सैलपणाला शब्द 'तरलता'. तो हिंदीतला म्हणून नको, 'प्रवाहिता' म्हणा, असं परिभाषेतले जाणकार सांगतात. मला हे मुळीच मान्य नाही. प्रवाहाला दिशा असते. पटलातले रेणू एका दिशेने वाहत नाहीत, थरातल्या थरात सतत जागा बदलतात. आणि 'तरल' हिंदीने घडवलेला नाही. संस्कृतात तरल म्हणजे थरथरणारं, चंचल. अमरकोशात तर 'तरलो हारमध्यगः' आहे: हाराच्या मधोमध असलेला मणी! माझ्या मते त्याला हे नाव मिळालं ते तो डुलतो म्हणून. दोऱ्यातून सुटत नाही, पण श्वासागणिक हलतो. १९७२ साली सिंगर आणि निकोलसन या शास्त्रज्ञांनी पटलाचं जे चित्र मांडलं, मेदाच्या दुहेरी थरात इकडेतिकडे सरकणाऱ्या प्रथिनांचं, त्याला यापेक्षा नेमका शब्द मला सापडलेला नाही. थर गोठला की प्रथिनांना वळता-सरकता येत नाही, बाहेरचे निरोप आत पोचायला अडतात. फारच सैल झाला की आयन, म्हणजे विद्युतभारित कण, झिरपतात. प्राण्यांच्या पेशीत कोलेस्टेरॉल ही दोन्ही टोकं आवरून धरतं. मराठीनेही शब्दातला तो कंप जपलाय. 'तरल भावना' म्हणतो तेव्हा तिथे पाणी कुठे असतं? थरथरच असते.

राहिला दुसरा प्रश्न. 'पटल'च म्हणा. 'आवरण' म्हटलं की वनस्पतिपेशीची भित्तिका, म्हणजे तिची कडक भिंतही, त्यात येते, आणि ती पटलाच्या बाहेर असते, वेगळी.