सिस्मिक डेटा लोड करताना २ मिलिसेकंद घ्यावा की ४? ८ बिट चालेल का?

तुम्ही विचारलंय की एकाच ३डी सिस्मिक सर्व्हेच्या (जमिनीखालच्या थरांवरून परतलेल्या लहरींच्या नोंदीच्या) दर २ आणि दर ४ मिलिसेकंदाला एक सॅम्पल (आकडा) घेतलेल्या अशा दोन फायली आहेत, लॅपटॉप साधाच आहे आणि १० मीटरचे वाळूचे थर शोधायचे आहेत, तर कोणती फाइल लोड करावी.

बहुतेक वेळा ४ मिलिसेकंदाची पुरते. पण आधी लक्ष्याच्या (शोधायच्या थराच्या) वर-खाली मिळून ५०० मिलिसेकंदाच्या पट्ट्याचा स्पेक्ट्रम, म्हणजे कोणती फ्रिक्वेन्सी किती आहे ते, काढा. अख्ख्या ट्रेसचा (एका ठिकाणच्या उभ्या नोंदीचा) काढू नका, उथळ भागातली जास्त फ्रिक्वेन्सी त्यात मिसळते आणि आकडा फुगतो. समजा तिथे मुख्य फ्रिक्वेन्सी ३० हर्ट्झ आणि लहरींचा वेग सेकंदाला ३००० मीटर मिळाला. तरंगलांबी १०० मीटर, तिचा चौथा हिस्सा २५ मीटर. थर याहून पातळ झाला की माथा आणि तळ वेगळे पिक करता (रेघ ओढून दाखवता) येत नाहीत. दोन्हींमधलं अंतर तेवढंच दिसत राहतं आणि फक्त अॅम्प्लिट्यूड (लहरीची ताकद) उतरत जातो. तुमचा १० मीटरचा थर २ मिलिसेकंदाच्या फायलीतही सुटा दिसणार नाही. त्याची जाडी अॅम्प्लिट्यूडवरूनच काढावी लागेल, तीही विहिरीच्या लॉगशी (विहिरीत उपकरण सोडून घेतलेल्या मोजणीशी) जुळवून.

४ मिलिसेकंदाला नायक्विस्ट, म्हणजे नीट नोंदता येणारी सर्वांत जास्त फ्रिक्वेन्सी, १२५ हर्ट्झ येतो. लक्ष्यापाशी ९० हर्ट्झच्या पुढेही खरा सिग्नल असेल, उदाहरणार्थ समुद्रतळालगतच्या उथळ सर्व्हेत, तरच २ मिलिसेकंद घ्या. स्वतः रीसॅम्पल करणार असाल तर आधी अँटी-अलियास फिल्टर (नव्या नायक्विस्टच्या वरची फ्रिक्वेन्सी काढणारा) लावा. नुसतं एकाआड एक सॅम्पल गाळलंत तर वरची फ्रिक्वेन्सी खाली दुमडून खोटे रिफ्लेक्टर (लहर परतवणारे थर) तयार होतात.

जागा वाचवायला बिन (दोन ट्रेसमधलं आडवं अंतर) विरळ करण्याचा मोह होतो, तिथे मात्र जपा. मायग्रेटेड डेटात (परतलेल्या लहरी त्यांच्या खऱ्या जागी नेलेल्या डेटात) ३० अंश उताराचा थर, वेग ३००० आणि बिन २५ मीटर असेल, तर साधारण ५२ हर्ट्झच्या पुढे अलियासिंग (अशीच खोटी दुमड, पण आडव्या दिशेने) सुरू होतं. १२.५ मीटरला हीच मर्यादा दुप्पट होते. फॉल्ट (खडकातले तुटलेले सरकलेले भाग) बारकाईने ओढायचे असतील तर बिन आहे तसाच ठेवा, हवं तर पिकिंग दर दहाव्या इनलाइनवर (सर्व्हेतल्या एका दिशेच्या ओळीवर) करा.

आता बिट, म्हणजे प्रत्येक सॅम्पल साठवायला किती जागा द्यायची ते. समजा सर्व्हे ४०० चौरस किलोमीटर, बिन १२.५ × २५ मीटर म्हणजे १२.८ लाख ट्रेस. ४ सेकंदांचा डेटा ४ मिलिसेकंदाला ३२ बिटांत सुमारे ५.१ जीबी होतो, ८ बिटांत १.३ जीबी. पण ८ बिटांत पायऱ्या फक्त २५६. स्केल कमजोर रिफ्लेक्टरांसाठी लावलात तर ब्राइट स्पॉटचं (जास्त अॅम्प्लिट्यूडच्या ठळक जागेचं) शिखर सपाट कापलं जातं, ब्राइट स्पॉटसाठी लावलात तर कमजोर थर पुसले जातात. तुमचं तर सगळं कामच अॅम्प्लिट्यूडवर आहे, म्हणून ३२ बिटच ठेवा. नुसते होरायझन (थरांच्या रेघा) ओढायला ८ बिट चालतं.

लोड करताना सेग-वायच्या (सिस्मिक डेटाच्या नेहमीच्या फाइल प्रकाराच्या) बायनरी हेडरमधला (फाइलच्या सुरुवातीच्या माहितीतला) फॉरमॅट कोड पाहा: १ म्हणजे आयबीएम फ्लोट, ५ म्हणजे आयईईई फ्लोट, या दशांश आकडे साठवायच्या दोन वेगळ्या पद्धती. इथे गल्लत झाली तर चित्र साधारण ठीक दिसतं आणि आकडे चुकीचे येतात, म्हणून ही चूक उशिरा सापडते.

दख्खनच्या बेसाल्टखालचं, म्हणजे सौराष्ट्र-कच्छकडचं काम असेल, तर वेग ५००० आणि फ्रिक्वेन्सी १५ हर्ट्झ धरून चौथ्या हिश्श्याची, म्हणजे थर सुटा दिसण्याची, मर्यादा ८३ मीटरवर जाते. तिथे २ मिलिसेकंदाने फक्त डिस्क भरते.