व्हिडिओ घरी चालतो, शाळेत का नाही?

प्रश्न : सर नमस्कार, मी नववीला विज्ञान शिकवते. पानातल्या स्टार्चच्या प्रयोगाचा व्हिडिओ मुलाच्या आयफोनवर शूट केला आणि पॉवरपॉइंटमध्ये टाकला. घरच्या लॅपटॉपवर एकदम मस्त चालतो पण शाळेच्या कॉम्प्युटरवर नुसता काळा चौकोन, आवाज मात्र येतो. फाइल करप्ट झाली असेल का?
— एक शिक्षिका, सांगली

उत्तर : नाही हो मॅडम, फाइल ठणठणीत आहे. आवाज येतो आणि चित्र येत नाही यातच उत्तर आलं. एका व्हिडिओ फाइलमध्ये चित्र आणि आवाज वेगवेगळ्या पद्धतीने दाबून भरलेले असतात, त्या पद्धतीला कोडेक म्हणतात, आणि शाळेच्या मशीनला तुमचा आवाजाचा कोडेक कळतोय, चित्राचा कळत नाहीये. २०१७ पासून नवे आयफोन एचईव्हीसी (HEVC) नावाच्या कोडेकमध्ये शूट करतात, त्यात जागा कमी लागते, पण विंडोजवर त्याचं वेगळं एक्स्टेंशन लागतं. तुमच्या लॅपटॉपवर ते असणार. शाळेतही टाकता येईल म्हणा, पण शाळेच्या कॉम्प्युटरचा अॅडमिन पासवर्ड नक्की कुणाकडे आहे हे शोधण्यातच चाचणी परीक्षा उजाडेल.

इथे एक गोष्ट डोक्यात पक्की बसवा, बाकी सगळे प्रश्न त्यातूनच सुटतात. पॉवरपॉइंट असो की सादरीकरण बनवायचं दुसरं कुठलं सॉफ्टवेअर, ते स्वतः व्हिडिओ दाखवत नाही, ते फक्त मशीनला सांगतं की बाबा ही फाइल इथे चालव. म्हणजे ज्या मशीनवर दाखवायचंय त्याला काय जमतं ते आधी बघायचं, आपल्या मशीनवर चाललं याला काही अर्थ नाही.

उपाय सोपा आहे. हँडब्रेक नावाचं व्हिडिओचा फॉरमॅट बदलायचं सॉफ्टवेअर फुकट मिळतं, त्यात व्हिडिओ उघडा, एमपी४ फॉरमॅट, चित्राला एच.२६४, आवाजाला एएसी, आणि फ्रेम रेटच्या (सेकंदाला किती चित्रं) खाली ‘कॉन्स्टंट’ निवडा. हे शेवटचं लोक विसरतात. फोन प्रकाश बघून फ्रेम रेट कमीजास्त करत राहतो, मग लांब व्हिडिओत ओठ आणि आवाज हळूहळू वेगळे व्हायला लागतात आणि आपण स्पीकरला शिव्या घालतो. साइज ७२०पी ठेवा, वर्गातल्या प्रोजेक्टरला तेवढं भरपूर झालं. पुढच्या वेळेसाठी आयफोनच्या सेटिंग्जमध्ये कॅमेरा, मग फॉरमॅट्स, तिथे ‘मोस्ट कंपॅटिबल’ करून ठेवा.

प्रश्न : पेनड्राइव्हवरून पीपीटी नेली तर व्हिडिओ सापडतच नाही. सेमिनारमध्ये पार पोपट झाला.
— इंजिनिअरिंगचा विद्यार्थी, नाशिक

उत्तर : तुझा व्हिडिओ लिंक झालाय, आत भरलेला नाही. २०१० च्या पॉवरपॉइंटपासून व्हिडिओ आपोआप आत भरला जातो, पण इन्सर्ट बटणाच्या बाजूच्या बाणात ‘लिंक टू फाइल’ आहे, ते चुकून दाबलं जातं, किंवा पीपीटीच कुणा सीनियरकडून आलेली जुनी असते. व्हिडिओ आत भर. फाइल फारच जड होत असेल तर लिंकच ठेव, पण आधी दोन्ही एका फोल्डरमध्ये आण, मग इन्सर्ट कर, आणि अख्खा फोल्डर ने.

प्रश्न : ९८ साली आमच्या मामांनी डायरेक्टर सॉफ्टवेअरमध्ये किल्ल्यांवर एक सीडी केली होती. आता विंडोज ११ वर इन्स्टॉलरच उघडत नाही. व्हिडिओ तरी वाचतील का?
— एक वाचक, पुणे

उत्तर : व्हिडिओ बहुतेक वाचतील, आणि त्याचं कारण मजेशीर आहे. डायरेक्टर व्हिडिओ कधी पोटात घ्यायचाच नाही, तो सीडीवर वेगळी फाइल म्हणून पडलेला असायचा. तेव्हा याचा फार वैताग असायचा, फोल्डरचं नाव बदललं की प्रोजेक्टर (भिंतीवरचा नाही, डायरेक्टरमध्ये बनलेल्या चालवायच्या प्रोग्रामलाच प्रोजेक्टर म्हणायचे) विचारणार फाइल कुठंय. आज तेच कामी येतंय. सीडीवर .mov किंवा .avi फाइली शोधा, हार्डडिस्कवर कॉपी करा आणि व्हीएलसी या व्हिडिओ प्लेअरमध्ये उघडा, त्या काळचे सिनेपॅक आणि इंडिओ हे कोडेक त्याला येतात.

चित्र बघून निराश होऊ नका. सिंगल स्पीड ड्राइव्ह सेकंदाला १५० किलोबाइट वाचायचा, डबल स्पीड ३००, त्यात ३२० बाय २४० चा चौकोन आणि सेकंदाला १५ फ्रेम म्हणजे चैन होती. शिवाय व्हिडिओ गुळगुळीत चालायला ‘डायरेक्ट टू स्टेज’ करावा लागायचा, की तो सगळ्यांच्या वर येऊन बसणार, त्यावर बटण नाही की मथळा नाही. म्हणून त्या काळच्या सीड्यांमध्ये व्हिडिओ एका कोपऱ्यात आणि बटणं लांब, खाली, अशी रचना दिसेल.

मेन्यू आणि क्लिक केल्यावरचा सगळा खेळ मात्र प्रोजेक्टरमध्ये अडकलाय. १६ बिटी इन्स्टॉलर आताच्या ६४ बिटी विंडोजवर चालत नाहीत, आणि अडोबीने डायरेक्टरची विक्री २०१७ मध्ये बंद केली. जुनी विंडोज व्हर्च्युअल मशीनमध्ये (कॉम्प्युटरच्या आत चालणारा नकली कॉम्प्युटर) टाकून बघा, त्या काळचा क्विकटाइम हा व्हिडिओ चालवणारा प्रोग्राम मात्र आठवणीने टाका, तो बहुधा त्याच सीडीवर असेल. चालली तर लगेच स्क्रीन रेकॉर्ड करून ठेवा.

प्रश्न : ट्रेनिंग मॉड्यूलमधला व्हिडिओ ब्राउझरमध्ये आपोआप सुरूच होत नाही, आणि चार मिनिटांची फाइल ३०० एमबीची झालीये.
— एचआरवाली, ठाणे

उत्तर : क्रोम २०१८ पासून आवाज असलेला व्हिडिओ क्लिक केल्याशिवाय सहसा सुरू करत नाही. ‘सुरू करा’ बटण द्या, विषय संपला. साइजचा हिशोब असा : सेकंदाला ३ मेगाबिटचा बिटरेट (दर सेकंदाला लागणारा डेटा) म्हणजे मिनिटाला साधारण साडेबावीस एमबी, चार मिनिटांना नव्वद. नुसती बोलणारी मॅनेजर असेल तर दीड मेगाबिटमध्येही चेहरा ओळखू येतो. हँडब्रेकमध्ये ‘वेब ऑप्टिमाइझ्ड’ला टिक करा, म्हणजे पूर्ण डाउनलोड व्हायच्या आधीच चालायला लागेल.